पितळेचा टाक

डिलाईल रोडच्या गाळ्यात वसुधा जुन्या कॉम्प्युटरवर मशीन चालवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर चढवत होती, आणि मागे उभा राहून तिचा दीर निलेश तोंडाचा पट्टा चालवत होता.

"वहिनी, दादा गेला, त्याच्याबरोबर हे मशीनही गेलं. भंगारवाला खाली टेम्पो घेऊन उभाय. कळतंय का?"

"चाललं नाही तर घेऊन जा. तोवर गप्प बस."

सोमवारचा उपास असताना ती कधी आवाज चढवत नसे. आजचा राग तिनं कीबोर्डच्या बटणांवर काढला. या मशीनवर देव्हाऱ्यातले टाक कोरले जायचे. देवांचे, आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे. तिचं पोट त्यावरच होतं.

सॉफ्टवेअर चढलं. मशीनचा प्लग बोर्डात लावायला तिनं हातात घेतला, आणि प्लग हातातच असताना मशीन सुरू झालं.

सुई पितळेच्या पत्र्यावर उतरली. कपाळ उमटलं, मग बसकं नाक, मग हनुवटीवरचा मांज्यानं कापल्याचा व्रण.

"माझं तोंड कशाला कोरतेस?" निलेश ओरडला. "जिवंत माणसाचा टाक करतात का? सूड उगवतेस होय माझ्यावर? बंद कर ते."

वसुधानं मागे न बघता नुसता प्लग वर धरून दाखवला.

तो शिव्या देत राहिला. टाकाचे डोळे नेहमी शेवटी कोरतात. सुई जराशी थबकली, सरकली आणि डोळ्याच्या जागी टेकली.

मागचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.