रांगेत अडकलेली पानं

प्रिंटर का अडलाय ते दुरुस्तीला आलेल्या जिन्सीला पाच मिनिटांत कळलं. छपाईच्या रांगेत एकेचाळीस पानं तुंबली होती. पहिलंच अडकलं होतं, म्हणून मागचं एकही सुटत नव्हतं. लतिका टीचरला त्यातलं फक्त शेवटचं हवं होतं, त्रिशूरच्या वृद्धाश्रमाचा अर्ज. मंगळवारी तिकडची गाडी तिच्या वडिलांना न्यायला येणार होती.

"बाकीची कसली?" जिन्सीनं विचारलं.

"अच्छनची. पुसून टाक."

अच्छन, म्हणजे तिचे वडील दामोदरन, बाहेर ओसरीवर बसले होते. कुन्नंकुळमच्या छापखान्यात त्यांनी उभा जन्म खिळे जुळवले, मग तिथेच कॉम्प्युटरवर बसले. काचबिंदूनं नजर गेली तरी कीबोर्डवर त्यांचं बोट चुकत नसे. जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर लतिकानं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून नाव लिहायला सांगितलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा उमटला. ती तिथेच रडली. तिनं काढलेला पडद्याचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, समजही गेली आहे. तरी दुपारी ती त्यांना तिथे बसू द्यायची. टाइप करताना ते शांत असत. शेवटी सवयीनं छपाईची कळ दाबत आणि उठत.

पुसण्याआधी जिन्सीनं एक पान उघडलं. मग दुसरं, मग पाचवं. प्रत्येकाच्या तळाशी तीच अक्षरं होती, त्याच क्रमानं. ओ, ई, सी, ए आणि पुढे आणखी चार.

"टीचर, या कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स सिस्टिम कधी टाकली?"

"जूनमध्ये. शाळेनं नवी आवृत्ती दिली होती. अच्छन इस्पितळात होते तेव्हा मीच टाकली."

"मल्याळम कीबोर्ड लावला होता?"

लतिकाला आठवेना. ती स्वतः मल्याळम फोनवरच लिहायची.

जिन्सीनं सेटिंगमध्ये जाऊन मल्याळम कीबोर्ड लावला; कळा त्याच, उमटणारी अक्षरं मल्याळम. ओ दाबलं, द आला. ई दाबलं, त्याला काना लागला. सी, म. ए, मो.

दामो.

लतिकानं खुर्चीची पाठ धरली.

जिन्सीनं कॉम्प्युटरला सगळी पानं अक्षराला अक्षर बदलायला लावली. पहिलं पान उघडलं. "काल नाव विचारलंस. लिहिलं. मग रडलीस का?" पुढच्यावर होतं, गोळ्या कमी करा, दिवसभर गुंगी असते. त्याच्या पुढच्यावर, मला सगळं कळतं, कुणीतरी वाचा. प्रत्येक पानावर तारीख होती, आणि खाली सही केल्यासारखं नाव.

लतिका एकेक तारीख वाचत गेली. मग तिनं विचारलं, "ओणमच्या आदल्या दिवसाचं आहे?"

"आहे."

"ते उघडू नकोस."

त्या दिवशी अच्छनच्या खुर्चीला टेकून ती भावाशी फोनवर बोलली होती. जूनमध्येच सुटले असते तर बरं झालं असतं, त्यांचेही हाल वाचले असते, आपलेही, असं म्हणाली होती. आवाजही खाली केला नव्हता.

तिनं रांगेतला अर्ज स्वतः पुसला. ओसरीवर जाऊन अच्छनना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांचे हात आपसूक कीबोर्डवर गेले.

"अच्छन, आता मल्याळम येतंय," ती म्हणाली. "ओणमच्या आदल्या दिवशी मी फोनवर..." पुढचं तिला बोलता येईना.

बोटं हलली. जिन्सीनं पडद्याकडे पाहिलं आणि लगेच मान खिडकीकडे वळवली.

एकच शब्द होता. ऐकलं.

लतिका जागची हलली नाही. दामोदरननी कीबोर्डवरून हात अजून उचलले नव्हते.