चांगदेवशी वाद

‘तुझा कप्तान दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य बोलतो,’ चांगदेवने लिहिलं होतं. ‘जिवंत माणूस असं करतो का?’

दीपेश स्वतःशीच हसला. भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या त्याच्या सायबर कॅफेत दुपारचं कोणी नव्हतं. सहा कॉम्प्युटर, त्यांतल्या एक नंबरवर तो, आणि भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा खडखडाट. कोन गावची जमीन गोदामवाल्याला दिली तेव्हा वडिलांनी पोराच्या हाताला काम म्हणून हा गाळा घेतला होता. दोन वर्षं बरी गेली. मग कल्याण रोडला एसीवाला कॅफे निघाला आणि गिऱ्हाइकं तिकडे पळाली. आता गर्दी व्हायची ती शुक्रवारी. लूमला सुट्टी असायची, कामगार गावाकडचे फोटो बघायला यायचे आणि एकही खुर्ची रिकामी नसायची. त्या दिवशी चांगदेव काही लिहीत नसे. दीपेशलाही भांडायला फुरसत नसे.

उरलेले सहा दिवस मात्र दोघांची जुंपलेली. गेम खेळणाऱ्यांच्या एका फोरमवर हा वाद चालायचा. दीपेश गोष्टीच्या गेमची बाजू घ्यायचा, चांगदेव ऑनलाइन लढायांची.

‘गोष्टीतला माणूस आपल्यासाठी थांबतो,’ दीपेशने टाइप केलं. ‘कप्तानाला मी बंदरात सोडून गेलो, आठ दिवसांनी आलो, तर तो धक्क्यावरच उभा. कुठे होतास म्हणून रुसला नाही. शिवाय गोष्टीला शेवट असतो. तो घरी पोचला तेव्हा मी रडलो होतो. तुझ्या लढाईत कोण कधी घरी पोचतं?’

असं काही पाठवलं की त्याला बसवत नसे. उठायचं, पाणी प्यायचं, पलीकडच्या टोकाच्या खुर्च्या सरळ करायच्या. परत येईपर्यंत उत्तर आलेलं असायचं.

‘किल्ल्याच्या दारात आम्ही चाळीस जण उभे असतो,’ आजचं उत्तर होतं. ‘एक दिवस गेलो नाही तर कोणीतरी विचारतं, चांग्या कुठे मेला? तू आठ दिवस नव्हतास. तुझ्या कप्तानाने विचारलं का कुणाला?’

हे वर्मी बसलं. चांगदेवची जीभ तिखट, पण माणूस दिलखुलास, अख्खा फोरम त्याच्यावर खूश. दीपेशला चारचौघांत असं बोलणं कधी जमलं नव्हतं. मुलगी बघायला गेला तेव्हा तो सगळा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसला होता. मुलीकडच्यांनी मध्यस्थाला हळूच विचारलं होतं, पोरगा मुका हाय का?

वडील, सावळाराम, डबा घेऊन वर आले.

“एकलाच काय हसतंस रं?”

“फोरमवर एक जन हाय, बाबा. चांगदेव.”

“दोन वर्सं आयकतंय त्याचा नाव. एक दिस घरी आन की, म्हावरं खायाला.”

“तो कुठं जात न्हाय.”

“मंग कसला दोस्त?” म्हणत सावळारामांनी डबा टेबलावर ठेवला. “थंड व्हायच्या आत खा.” आणि गुडघा धरून ते जिना उतरून गेले.

दीपेशने डबा उघडला नाही. स्क्रीनवर त्याच्या नावाने एक खासगी निरोप आला होता, कल्याणच्या मनालीचा. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि त्यांच्या वादात मधूनच एखादी ओळ टाकून जायची. तिच्या सगळ्या ओळी दीपेशला पाठ होत्या.

‘रविवारी आईला घेऊन वज्रेश्वरीला चाललेय. भिवंडीत बस बदलायची आहे, तासभर मिळेल. भेटायचं होतं.’

पुढचं वाचायच्या आधी दीपेशने शर्टाची कॉलर नीट केली.

‘चांगदेवना. मी त्यांना दोनदा निरोप पाठवला, पण ते खासगीत उत्तरच देत नाहीत. भिवंडीची लाइट गेली की तुम्ही दोघंही एकदमच गायब होता, म्हणजे ते तुमच्याच भागातले असणार. त्यांना सांगाल का? त्यांचं वाचून मी इतकी हसते! तुमचंही चांगलं असतं.’

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. दीपेशने शेवटची ओळ पुन्हा वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला चांगदेवचा खराखुरा राग आला. दिवसभर याच्याशी वाद घालायचा, याच्यामुळेच दिवस जातो म्हणायचं, आणि एक माणूस या जिन्याने वर येणार तर तेही यालाच भेटायला!

‘चांगदेव भेटण्यासारखा माणूस नाही,’ त्याने लिहिलं. मग खोडलं. ‘तो रविवारी गावाला जातो,’ असं लिहिलं. तेही खोडलं. खोटं बोलून तिला घालवली असती तर रविवार नेहमीसारखाच गेला असता, आणि तसे रविवार त्याच्याकडे पोत्याने पडले होते.

‘सांगतो त्याला,’ एवढंच त्याने शेवटी पाठवलं.

चांगदेवने मनालीला आयुष्यात पहिल्यांदा खासगीत लिहिलं, ते त्यानंतर पंधरा मिनिटांनी.

‘माफ करा, मी माणसांत येत नाही. फोरमवरच बरा. तुम्ही दीपेशला भेटा. धामणकर नाक्यावर कोणीही त्याचा कॅफे दाखवेल. सुरुवातीला तो बोलायचा नाही, मान खाली घालून बसेल. त्याला कप्तान घरी कसा पोचला ते विचारा, मग तुम्हाला तास पुरणार नाही. मी दोन वर्षं त्याच्याशी भांडतोय, मला माहीत आहे. माणूस चांगला आहे. एकटा आहे.’

निरोप गेल्याची खात्री करून दीपेशने सहा नंबरवरून चांगदेवला लॉगआउट केलं, आणि एक नंबरवर येऊन तो तिच्या उत्तराची वाट बघत बसला.