निम्मा वाटा

दिनांक अकरा जानेवारी, रविवार, सकाळचे दहा. स्थळ पळसदरीनजीकची एक वाडी.

नळयोजनेचे निम्मे काम वाडीने श्रमदानाने केले, तरच उरलेला निम्मा खर्च कर्जतचा सेवा क्लब करणार होता. म्हणून वाडीने नळासाठी चर खणून ठेवला. परंतु क्लबच्या जिल्हा समितीच्या मंजुरीआधी काम सुरू झालेले दिसले तर अनुदान बुडेल, या धास्तीने क्लबचे अध्यक्ष बडेकर यांनी तो कालच बुजवून घेतला. आता त्या समितीकडून तपासणीस आलेल्या नम्रताबाई सपाट जमिनीकडे पाहत होत्या आणि बडेकर घड्याळाकडे.

“वाडीचे श्रमदान कुठे आहे?” नम्रताबाईंनी विचारले.

वाडीतल्या मोतीबाईने पुढे होऊन दोन्ही तळहात उघडले.

“हे फोड चर खणताना आले?”

“निम्मे खणताना, ताई. निम्मे काल बुजवताना. ह्यांना चर नको, तुमाला हवा. काय ते एकदा ठरवा, म्हंजे कुदळ ठेवायची का नाय, ते आमाला कळंल.”

बडेकर खुलासा करू लागले. नम्रताबाईंनी त्यांना हातानेच थांबवले.

“वाडीचा वाटा दुप्पट भरला आहे,” त्या म्हणाल्या. “उणा आहे तो तुमचा.”