बॉल परत

शिवकन्यानं समोरच्या मुलीच्या हातातला बॉल हिसकावला, "बाद" म्हणाली आणि अदबीनं तिलाच परत दिला.

बाकावरच्या डोईफोडे सरांना काही कळेना. ते मूळचे खो-खोचे. पण मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, "बास्केटबॉलचा एक तरी सामना जिंका, नाहीतर त्या कोर्टावर मी स्टाफच्या गाड्या लावते." म्हणून सरांनी सहावीच्या मुलींकडून महिनाभर एकच डाव घोटून घेतला होता, फुल कोर्ट प्रेस. बॉल समोरच्या संघाकडे गेला रे गेला की कोर्टभर पाठलाग. मुलींनी तो असा काही उचलला की समोरच्यांना अजून मधली रेषासुद्धा ओलांडता आली नव्हती. शेवटचं मिनिट उरलं होतं आणि फलकावर शून्य-शून्य होतं.

सरांनी टाइमआउट घेतला. "अगं बायांनो, मिळालेला बॉल परत का देताय?"

"मग पाठलाग कुणाचा करायचा, सर?" शिवकन्यानं विचारलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "बरं, चालू द्या," ते म्हणाले.

शिट्टी वाजली. चौघींनी घेरलेली ती मुलगी इतकी गांगरली की तिनं डोळे मिटून बॉल वर भिरकावला. तो तिच्याच संघाच्या बास्केटमध्ये पडला. दोन-शून्य. कोर्ट वाचलं.

समोरचे कोच वही घेऊन आले. "सर, हा डाव नेमका काय होता?"

सरांनी मदतीसाठी शिवकन्याकडे पाहिलं. ती त्या रडवेल्या मुलीच्या हातात बॉल देत म्हणत होती, "घे, पळ. मी दहापर्यंत मोजते."