कूलरचा पाईप

चिकूचे मागचे पाय एकाएकी वाकडे पडले आणि तो अंगणात कोलमडला. धडपडत उठला, पुन्हा पडला. तोंडातून लाळ गळत होती.

"ऊन लागलं त्याले," दीप्तीचे सासरे धम्मानंद म्हणाले. कूलर भरायचा पाईप त्यांच्या हातून खाली पडला होता. "पाणी पाज वं दीप्ती."

दीप्तीने भांडं उचललं. गेल्या मे महिन्यात याच अंगणात भुऱ्या असाच पडला होता.

भुऱ्या तिच्या सासूबाईंचा कुत्रा. सिंधूताईंनी त्याला पिल्लू असताना पदरात गुंडाळून आणलं होतं. त्या वारल्यावर धम्मानंदांना जीव लावायला तेवढाच उरला. त्या दिवशी दीप्ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती आणि भुऱ्या कावळे हाकलत तिच्याजवळ बसला होता. संध्याकाळी तो गेला. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं तरी दोष उन्हाचाच, आणि कुत्र्याला उन्हात बसवलं कोणी, तर सुनेने. धम्मानंद कधी ओरडले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त सांगायचे, की मांडीवर डोकं घेऊन तांब्यातांब्याने पाणी पाजलं, पण उशीर झाला होता, शेवटी तर तो पाण्यापासूनही तोंड फिरवू लागला. दीप्ती आत पोळ्या लाटत ते ऐकायची.

तेव्हापासून तिने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याची भांडी मांडली होती. दुपारी सगळं सामसूम झालं की तिला भुऱ्याचं लपलप पाणी पिणं ऐकू यायचं. कूलर टपकतोय हे कळायचं, तरी ती उठून भांडी बघून यायची. तिच्या मनातून भुऱ्या जावा म्हणून नवऱ्याने, प्रीतमने, चिकू आणला. आता घरात दोन कुत्री झाली, एवढंच.

तिने पाजलेलं पाणी चिकूने तसंच ओकून टाकलं. प्रीतम मिहानला कामावर होता. तिने चिकूला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली. धम्मानंद आले नाहीत. पुन्हा बघवणार नाही म्हणाले.

सक्करदऱ्याच्या डॉक्टर चारुशीलांनी चिकूचं फुगलेलं पोट चाचपलं, पांढरट पडलेल्या हिरड्या पाहिल्या, ताप मोजला. अंग तापलेलं नव्हतं. पाण्यात खेळला का, एवढंच त्यांनी विचारलं. दीप्ती म्हणाली, बाबा कूलर भरताना धार उडवतात, हा तोंडाने ती पकडत राहतो, थांबतच नाही. भुऱ्यालाही हाच नाद होता, तो पडला त्या दिवशीही.

"हे ऊन नाही, पाणी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. लोक ऊन समजून आणखी पाजतात. वाचणारं कुत्रंही त्यानं जातं."

सलाईन लावलं, तेही अगदी हळूहळू. लघवी होण्याचं औषध दिलं. रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी चिकू स्वतःच्या पायांवर उभा राहिला. दोन दिवस पाणी घोट घोट द्यायचं आणि पाईपचा खेळ कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

परतताना रिक्षात दीप्तीने वाक्य जुळवून ठेवलं. वर्षभराचं ओझं त्या एका वाक्याने उतरणार होतं. पण दारात धम्मानंद उभे होते. चिकूला बघून ते लहान मुलासारखे रडले, आणि तिने ते वाक्य बदललं.

"काय म्हणे डॉक्टर?"

"ऊनच लागलं होतं, बाबा. माझंच लक्ष नव्हतं."

ते पाईप घेऊन कूलरकडे वळले. दीप्तीने घरातलं एकेक भांडं उचलून फळीवर ठेवलं. मग बाहेर येऊन पाईपला हात घातला. उद्यापासून कूलर मी भरीन म्हणाली. चिकू दाराजवळच्या कोपऱ्यात भांड्याची रिकामी जागा हुंगत होता. धम्मानंदांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे.

"ऊन लागलं म्हणते, अन् पाणी काहून उचलून ठेवलं वं?"

धम्मानंदांची नजर हातातल्या धारेवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणून तोंड फिरवून राहिला होता तो," ते म्हणाले. "अन् मी जबडा दाबून पाजून राहिलो होतो वं."