पोट तेवढं वेगळं

चारही इंजिनं एकदम सुरू झाली आणि रांगेतल्या आया, आज्या धडाधड जमिनीवर पालथ्या पडल्या. हात डोक्यावर आणि तोंडं उघडी. स्फोटाच्या दाबानं कानांचे पडदे फाटू नयेत म्हणून तळघरात बसलेल्या सगळ्या बर्लिननं तोंड उघडं ठेवायची सवय लावून घेतली होती. युद्ध संपून तीन वर्षं झाली, पण अंगात मुरलेली सवय सुटते थोडीच!

मुलं मात्र उभीच होती. गळ्यात नावाचा पुठ्ठा अडकवलेली, काडीसारख्या पायांची मुलं. आपल्या आज्यांना गाटोच्या विमानतळावर चिखलात लोळताना बघून ती खो खो हसायला लागली.

"आजी, ऊठ ना गं," सहा वर्षांची एल्फी म्हणाली. "माझं विमान सुरू झालंय."

चाचणी आटोपून इंजिनं थांबली, तशी लिश्काआजी उठली. तिला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. तिनं आधी विमानाकडे पाहिलं, मग सोबत आलेल्या ब्रेडोकडे. ब्रेडो तिच्याच इमारतीत राहायचा आणि इथं विमानांतून पोती उतरवायचा. युद्धात तो विमानविरोधी तोफेवर होता, पुढं इंग्रजांच्या कैदेत. तिथं शेतात बटाटे काढता काढता मोडकंतोडकं इंग्रजी शिकला.

"ब्रेडो, खरं सांग. हे तेच आहे ना?"

"नाही हो काकू. हे यॉर्क. मालवाहू विमान. बॉम्ब टाकायचं ते लँकेस्टर."

"माझे कान अजून शाबूत आहेत."

ब्रेडोनं मान खाजवली. "पंख तेच आहेत. इंजिनंही तसलीच. शेपटीवर दोनाऐवजी तीन पाती. पोट तेवढं वेगळं. त्याचं पोट खालून उघडायचं. ह्याला बाजूनं दार आहे. सकाळीच मी ह्यातनं पीठ उतरवलंय."

"म्हणजे खाटकानं आचाऱ्याचा अंगरखा घातला म्हणायचा."

"भाकरी खातोच की आपण त्याच्या हातची."

एल्फी खोकली. लिश्काआजीला तो खोकला पाठीत बुक्की बसावी तसा लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, रशियनांनी रस्ते अडवलेत, कोळसा नाही, ह्या छातीनं पोर इथला हिवाळा काढणार नाही. पश्चिमेकडं दूध होतं, ऊब होती, आणि तिकडं जायला आभाळाशिवाय वाट उरली नव्हती.

पण एल्फीची आई ह्याच आवाजाखाली गाडली गेली होती.

"नाही," आजी म्हणाली आणि तिनं एल्फीची कॉलर मुठीत धरली. "मेली तर माझ्या मांडीवर मरेल. ह्याच्या पोटात मी पोर घालायची नाही."

बाकीची मुलं एकेक करून शिडी चढली. शेवटी शिडीपाशी उभा असलेला इंग्रज वैमानिकच चालत आला. तांबूस केसांचा, तिशीही न गाठलेला. हसून तो एल्फीसमोर उकिडवा बसला आणि आजीकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलला. आवाज मऊ होता. ऐकता ऐकता ब्रेडोचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"काय म्हणाला?"

"काळजी करू नका म्हणाला."

"एवढा वेळ बोलला, आणि त्याचा अर्थ एवढासाच? मला नको शेंड्या लावूस."

ब्रेडो खाली चिखलाकडे बघत बोलला. "म्हणाला, आजीबाईंना सांग, ही वाट मला तोंडपाठ आहे. युद्धात लँकेस्टर घेऊन वीसेक वेळा बर्लिनवर आलो. खालून तोफा धडाडत होत्या, पण विमानातली माझी माणसं दर वेळी सुखरूप घरी नेली. एकालाही ओरखडा नाही."

आपण काय बोलून बसलो हे वैमानिकाला आजीचा चेहरा बघून कळलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं टोपी काढली आणि तिचं काय करावं ते त्याला सुचेना.

लिश्काआजी मनात तेवढंच घोळवत होती. वीसेक वेळा. त्यातली एक खेप तिच्या घरावरची होती की नव्हती, हे त्याला तरी कुठं ठाऊक असणार!

"त्याला विचार," ती म्हणाली, "दर वेळी परत गेला?"

ब्रेडोनं विचारलं. वैमानिकानं मान न उचलता होकार दिला.

"आणि खालून तू तोफ डागत होतास."

"हो काकू. जीव तोडून."

"तरी तुला पाडता आला नाही."

"नाही."

लिश्काआजीनं एल्फीच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग तिला उचलून वैमानिकाच्या हातात दिलं.

"सांग त्याला," ती ब्रेडोला म्हणाली, "हिला मागं नको. अगदी स्वतःच्या पाठीशी बसव म्हणावं."