लेबल न वाचता

दर रविवारी इथलीच एखादी स्वस्त रेड वाइन आणायची आणि बरी निघाली तर तीच धरून ठेवायची, हा आम्हा नवरा-बायकोचा नवा छंद. चव ओळखायचं काम माझ्याकडे. मी गुपचूप बाटलीमागचं लेबल वाचून ठेवायचे आणि घोट घेऊन म्हणायचे, "आलुबुखार. मागून जरा मिरी." नवरा खूश!

आज मात्र त्याने आतूनच ग्लास भरून आणला. बाटली कुठे दिसेना. तापातून उठल्यापासून मला कसलाच वास येत नव्हता. हे फुटलं असतं तर हॉटेलातली स्वयंपाकाची नोकरी गेलीच असती, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं.

मी घोट घेतला. "चेरी," ठोकून दिलं. "छान आहे रे, हीच आणत जाऊ."

तो हसला नाही. "त्यात सकाळीच लसूण ठेचून घातला होता, आत्ता गाळून आणलीय."

"अरे, पण का?"

"सकाळी गॅस गळत होता. मी धावत येऊन बंद केला, तेव्हा तू शेगडीपाशी काडेपेटी शोधत होतीस."